टपाचा दाणा

मामंजींनी एका दुपारात ट्रकच्या टपाचा मागचा कोपरा गुळगुळीत करून टाकला, आणि वर शाबासकीची वाट बघत शेडच्या दाराशी खाटेवर बसून राहिले.

सून बाजारातून आली तेव्हा तिच्या एका हातात फायबरचे तडे भरायच्या रेझिनचा डबा होता आणि काखेत काचेच्या धाग्याची गुंडाळी. शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर तिला लांबीचा वास आला. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा, आणि आजच्या कामात तिचं काही काम नव्हतं. तिनं दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या टपाकडे बघितलं आणि हातातला डबा तिथेच खाली ठेवला.

"बोट फिरवून बघ," मामंजी म्हणाले. "लोणी आहे लोणी. मागचं झाकणही केलंय. तू आठवडाभर पाण्यात खेळत बसली होतीस, मी दुपारच्या दोन घटकांत उरकलं."

ट्रक वखारवाल्याचा होता. त्याच्या बापानं घेतलेला, लहान बांध्याचा, गोल दिव्यांचा. पाठीवर बसवलेला टप फायबरचा होता, आणि त्याच्यावर कंपनीतूनच दाणा पाडलेला होता. बारीक, एकसारखा, हाताला जाड चामड्यासारखा लागणारा. जन्मभर ऊन खाऊन टप पांढरा पडला होता, हात टेकला की भुकटी लागायची, कोपऱ्यांना तडे गेले होते. गाडी लावताना वखारवाल्यानं दोनदा बजावलं होतं, "तडे भरा, रंग मारा, पण दाण्याला धक्का लागता कामा नये. असा टप आता शोधूनही मिळत नाही."

म्हणूनच सुनेनं टपाला घासकागद लावला नव्हता. कागद दाण्याची डोकी खातो. तिनं भांडी घासायची हिरवी घासणी घेतली, सोड्याचं पाणी घेतलं आणि फळीवर गुडघे टेकून वीत वीत जागा धुतली. तड्यांच्या कडेची काचेची कुसळं तिच्या कोपरापर्यंत घुसली होती. अंघोळ केली तरी ती निघत नव्हती, आणि कूस बदलली की अंथरूणही टोचत होतं.

मामंजींनीही वखारवाल्याचं बोलणं ऐकलं होतं. पण जन्म गेला पत्र्यावर रंग मारण्यात, आणि पत्र्यावर दाणा म्हणजे धूळ, दाणा म्हणजे चूक. रंगात बघून भांग पाडता आला नाही तर त्यांच्या लेखी गाडी परत घासायला जायची. हाताला खरखर लागली, हातानं ठरवलं, हातानं लांबी भरली. डोळ्यांना विचारायची सोय नव्हती.

मामंजींना दिसत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं सोंग सगळ्यांनी घेतलं होतं. त्यांचा चहाचा कप रोज खाटेच्या उजव्या पायाशी ठेवला जायचा. एक बोटही इकडे की तिकडे नाही. वाटेत बादली ठेवली तर आत्याबाई, म्हणजे सुनेची सासू, ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांची खबर घ्यायच्या.

"मामंजी, दाणा ठेवायचा होता," सून हळूच म्हणाली.

"कसला दाणा? धूळ होती ती. मी नसतो तर शेडचं नाव बुडवलं असतंस तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारवाला आलाच. बरोबर वखारीतले दोन गडी होते. त्यानं टपावरून प्रेमानं हात फिरवत नेला आणि कोपऱ्याशी येऊन हात थांबला. त्यानं पुन्हा फिरवला. मग मागचं झाकण उचलून बघितलं.

"हे कोणी केलं?"

मामंजींनी क्षणाचाही वेळ लावला नाही. "सूनबाईनं. तिला काय कळतंय? बाईमाणसाला पुसायला सांगितलं तर तिनं घासूनच काढलं."

गडी फिदीफिदी हसले. "भांडी समजल्या वाटतं," एक जण म्हणाला. सून घासणी हातात घेऊन उभी होती, त्यामुळे त्यांना जास्तच मजा वाटली. नवरा दाराबाहेर वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभा होता. त्यानं मान खाली घातली. आत्याबाईंनी सुनेकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, गिळ.

तिनं आजवर पुष्कळ गिळलं होतं. ती म्हणाली, "मी नाही केलं."

गड्यांचं हसू थांबलं.

"मी नाही केलं, हे आधी ऐकून घ्या. पण नीट मी करणार. बाजाराच्या दिवशी या. दाणा होता तसा मिळेल."

वखारवाला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, दाणा कंपनीच्या साच्यात पडतो. हातानं कसा पडणार?"

"तुम्ही बाजाराच्या दिवशी या."

"आणि नाही पडला तर?"

"तर गाडी उचला आणि गावभर सांगा."

"सांगायची गरज काय? गावाला दिसेलच," असं म्हणून तो गेला.

तो गेल्यावर घरात जुंपली. "घरातलं पोतेरं चारचौघांत वाळत घातलंस," आत्याबाई म्हणाल्या.

"त्यांनी माझ्या डोक्यावर घातलं, त्याचं काय?"

"त्यांचं वय बघ."

"बघतेय की. रोज बघतेय. म्हणून तर आजवर बोलले नाही."

मामंजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तसेच भिंतीला म्हणाले, "हा ट्रक शेवटचा. शेड मी टायरवाल्याला द्यायची ठरवलीय. शब्द दिलाय त्याला."

ही बातमी नव्हती, पण इतकं उघड कोणी बोललं नव्हतं. रस्त्याच्या वळणावरचा टायरवाला दोन महिने शेडवर डोळा ठेवून होता. मामंजींची बाजूही खोटी नव्हती. थोरल्याची, म्हणजे सुनेच्या नवऱ्याची, छाती रंगानं खाल्ली होती. थिनरचा वास आला की तो जागीच वाकायचा. रंग फवारायची गन धरणारा हात घरात उरला नव्हता. सून घासायची, भरायची, टेप लावायची, पुसायची. पण गन धरायची म्हटलं की तिला बाहेर काढलं जायचं. लग्न होऊन आल्यापासून निम्म्या गाड्यांचं निम्मं काम तिचं होतं, आणि शेड गेली की तिला दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जावं लागणार होतं. तिला ते करायचं नव्हतं. खुरपण्याला ती कमी लेखत नव्हती. तिला रंगाचं काम आवडत होतं, इतकी साधी गोष्ट होती, आणि ती आजवर कोणाला सांगता आली नव्हती.

"गन मी धरीन," ती म्हणाली.

"बाईनं गन धरलेली या शेडनं कधी बघितली नाही."

"तुम्ही बघू दिली नाहीत म्हणून."

मामंजींनी उशीखाली हात घातला. गन तिथेच असायची, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. ती चाचपून त्यांनी उशी पुन्हा डोक्याखाली दाबून घेतली.

संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी नवऱ्यानं तिला गाठलं. "माझी छाती बघतेस ना? बांधावरून चालत आलो तरी उभं राहून श्वास गोळा करावा लागतो मला."

"तुम्ही तोंडाला फडकं बांधायचा. तेही आठवलं तर. मी मुखवटा आणलाय, दोन्ही गालांना डब्या असलेला."

"डुकरासारखी दिसशील त्यात."

"माझं लग्न झालंय. मी कशी दिसते याची काळजी आता तुम्ही करायची."

तो इतका हसला की त्याला ढास लागली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ढास थांबल्यावर तो म्हणाला, "दाणा कसा पाडणार आहेस?"

"मामंजी नवशिक्यांना काय शिव्या घालायचे?"

"गन थुंकतेय म्हणायचे. हवा कमी, रंग घट्ट, की गन थुंकते आणि रंगाचे..." तो मध्येच थांबला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "...दाणे पडतात."

"तेच पाडायचे आहेत. फक्त एकसारखे."

"बरी आहेस की. आयुष्यभर जी चूक टाळली ती आता मन लावून करायची?"

"मन लावूनच."

दुसऱ्या दिवशी पहाटेच आत्याबाई खाटेपाशी गेल्या. "उठा जरा. उशीचा अभ्रा धुवायचाय."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू? वास येतोय."

मामंजी कुरकुरत उठून बसले. आत्याबाईंनी अभ्र्यासकट गन उचलली आणि शेडमध्ये येऊन सुनेच्या हातात दिली. "धर. जन्मभर या सवतीला तेलपाणी केलंय मी. आता कामाला लाव हिला. आणि काल मी तुला गप्प बस म्हटलं ते विसर."

कॉम्प्रेसर सुरू झाला तसे मामंजी खाटेवरून ओरडले, "कोण आहे तिकडे? गन थुंकतेय! कान फुटलेत का? थुंकतेय ती!"

"थुंकायलाच हवीय!" सून मुखवट्यातून ओरडली.

पण नुसतं थुंकणं सोपं होतं. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून तिनं भिंतीला टांगले होते. पहिल्या पत्र्यावर वाटाण्याएवढे थेंब पडून खाली ओघळले. दुसऱ्यावर दाणा इतका बारीक आला की पिठूळ दिसायला लागला. तिसऱ्यावर एका बाजूला घामोळी उठल्यासारखं झालं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मनगट भरून आलं. मुखवट्याच्या आत घाम साचून ओठांपर्यंत खारट झाला. नवरा बाहेर बांधावर ओला टॉवेल नाकाशी धरून बसला होता आणि नुसत्या आवाजावरून सांगत होता, "हवा अजून सोड... अजून. आवाज फाटला पाहिजे. आता हात थांबवू नकोस, हात थांबला की थेंब पडतो."

तेवढ्यात उजाडलं, वारा सुटला आणि शेजारच्या रानातल्या मळणीयंत्राचा भुसा शेडमध्ये घुसला. ओल्या पत्र्यांवर भुशाची लव उगवली. सून मुखवटा कपाळावर सरकवून तशीच बांध ओलांडून गेली.

"माझा रंग सुकेपर्यंत यंत्र थांबवा."

"पीक थांबतं का, बाई?" मळणीवाला म्हणाला.

"मग यंत्राचं तोंड तिकडे फिरवा. धान्य तुमचं आहे, भुसा माझ्या घरात कशाला?"

मळणीवाल्यानं तिच्या कपाळावरच्या मुखवट्याकडे आणि करड्या झालेल्या भुवयांकडे बघितलं. काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानं माणसं लावून यंत्र फिरवलं.

रोज पहाटे, वारा पडलेला असताना, ती पत्रे मारायची. सुकलेला पत्रा घेऊन मामंजींच्या मांडीवर ठेवायची. ते तिच्याशी बोलत नव्हते. पण मांडीवर काम ठेवल्यावर त्यांची बोटं गप्प बसणं शक्य नव्हतं.

"छी. पुरळ आहे पुरळ," ते हवेला म्हणायचे आणि पत्रा फेकून द्यायचे. ती तो उचलायची आणि रंगात किंचित थिनर वाढवायची. "हे काय, वाळू?" म्हणाले की ती गन वीतभर मागे घ्यायची. "एका अंगाला दाट, एका अंगाला विरळ. नांगरट केलीस का?" म्हणाले की ती पाय रोवून कमरेतून हलायला शिकायची. शिव्याच त्या, पण एकही शिवी चुकीच्या जागी पडत नव्हती.

बाजाराच्या दोन दिवस आधीची गोष्ट. तिनं पत्रा ठेवला आणि उभी राहिली. आत्याबाई दारात धान्य निवडत होत्या. मामंजींची बोटं पत्र्यावरून गेली, परत आली, पुन्हा गेली. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मला खुळा समजतेस?" ते ओरडले. "टपाचा तुकडा कापून आणलास? लोकाची वस्तू कापलीस?"

आत्याबाईंच्या सुपाचा आवाज थांबला. त्यांच्या हातातल्या पत्र्याला मागच्या बाजूनं तेलाच्या डब्याचं चित्र तसंच होतं, लालभडक. ती बाजू त्यांच्या तोंडासमोर होती.

त्यांना त्या शांततेचा वास आला. त्यांनी पत्र्यावर बोटाचं पेर वाजवलं. पत्रा ठणकला.

"पत्रा आहे," ते म्हणाले. त्यांनी तो मांडीवर उतरवला. मग म्हणाले, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"तुम्ही दाढी करताना अर्धी मिशी उडवलीत तेव्हापासून," आत्याबाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून धान्यातले खडे शोधायला लागल्या. खडे त्यांनाही दिसत नव्हते, डोळे भरले होते.

"वखारवाल्याला माझं नाव सांगितलं नाहीस तू," मामंजी सुनेला म्हणाले.

"त्याला कळायचं ते कळलं असेल."

"मी मात्र तुझं सांगितलं."

"हो. राग आहे मला त्याचा. अजून आहे."

"असू दे," मामंजी म्हणाले. "मनात ठेव. हातात येऊ देऊ नकोस. दाण्याला हात हलका लागतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं शेडची जमीन पाण्यानं भिजवली, दारांना ओली पोती लावली आणि तडे भरून घेतलेल्या टपाच्या कोपऱ्यावर दाणा मारला. मामंजी खाटेवरून उठून, भिंत धरून, आत येऊन उभे राहिले होते. तिचा हात कोपऱ्यापासून जुन्या दाण्याच्या हद्दीपर्यंत जाऊन परत यायचा आणि त्यांची मान त्या आवाजाबरोबर इकडून तिकडे जायची. दाणा आळल्यावर तिनं सबंध टपावर करड्या रंगाचे हात मारले. दुपारी ऊन आत आलं तेव्हा नवा कोपरा कुठे सुरू होतो ते तिचं तिलाच शोधावं लागलं. तिनं मुखवटा काढला आणि एकटीच मोठ्यानं हसली. झाकण तेवढं राहिलं होतं. ते दुसऱ्या पहाटेला ठेवलं.

पण बाजाराच्या दिवशी वखारवाला उजाडता उजाडताच हजर झाला, आणि त्याच्या मागून टायरवाला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोजपट्टी. झाकण दोरीला टांगलेलं होतं आणि सून गनमध्ये रंग ओतत होती.

वखारवाला आधी टपापाशी गेला. टपाच्या चारही बाजूंनी फिरला. डोळे मिटून हात फिरवला, उघडून फिरवला, मग खाली बसून उजेडात तिरपा बघितला. उठताना त्याचा आवाज बदलला होता. "पेंटर, मानलं. हात अजून शाबूत आहे तुमचा."

मामंजी ताठ झाले. त्यांच्या ओठांवर हसू आलं, आणि ते तिथे जरा जास्तच वेळ थांबलं. सुनेनं गन खाली ठेवली. आता हे पुन्हा गिळायचं नाही असं तिनं ठरवलं आणि तोंड उघडलं.

"थांब," मामंजी तिला म्हणाले. मग वखारवाल्याकडे वळले. वळले ते जरा चुकीच्या दिशेला, दाराच्या चौकटीकडे. "हात माझा नाही. मला दिसत नाही, मालक. मागचा कोपरा मी घालवला होता. आणि नाव सुनेचं सांगितलं होतं. हा दाणा तिचा आहे."

वखारवाला खाली बघत म्हणाला, "कोपरा कोणी घालवला ते मला तेव्हाच कळलं होतं. बाईंसमोर माझे गडी हसले, ते चुकलं." आणि सुनेकडे बघून म्हणाला, "वखारीतले दोन ट्रॅक्टर आहेत. तेही इथेच लावतो."

"मग काय, पेंटरला दिसत नाही म्हणजे शेड मोकळीच झाली की," टायरवाला खुशीत म्हणाला. त्यानं मोजपट्टीचं एक टोक दाराशी अडकवलं आणि मोजत मोजत शेडच्या मधोमध आला. "शब्द दिलाय तुम्ही मला."

"दिला होता," मामंजी म्हणाले. "आता शेडचं तिला विचारा."

"शेड द्यायची नाही," सून म्हणाली. "पट्टी गुंडाळा. आणि तिथून सरका, मला झाकण मारायचंय."

"बाई गाड्या रंगवणार?" टायरवाला वखारवाल्याकडे बघून हसला. वखारवाला हसला नाही.

"सरका. गन थुंकणार आहे आणि वारा तुमच्याकडे आहे."

"बाईच्या थुंकीला घाबरून पळणारा माणूस नाही मी."

तिनं मुखवटा चढवला. बाहेरून नवऱ्यानं हाक दिली, "हवा बरोबर आहे, मार!" आणि तिनं घोडा दाबला. पाय रोवून, कमरेतून, न थांबता, न घाई करता, झाकणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात नेला आणि परत आणला. टायरवाला "अहो, अहो" करत पाठ फिरवून उभा राहिला, पण जागा त्यानं सोडली नाही ती नाहीच. झाकण पुरं झालं तेव्हाच तिनं गन खाली केली.

मामंजी आवाजाच्या दिशेनं पुढे आले. चाचपडत त्यांचा हात टायरवाल्याच्या पाठीला लागला आणि तिथेच थांबला. त्यांनी पांढऱ्या शर्टावरून कॉलरपासून कमरेपर्यंत बोटं अलगद फिरवली. पुन्हा एकदा फिरवली.

"एकसारखा पडलाय," ते म्हणाले. "सुकेपर्यंत टेकून बसू नका."